दिवसाला तीन वासरं

आर्डिस सेडलाचेकचा निळा कोट वर्षातून एकदाच घराबाहेर पडायचा. चर्चला जायला तिच्याकडे करडा कोट होता, मयताला जायला काळा होता, आणि गोठ्यात जायला नवऱ्याचा जुना, अस्तर लोंबणारा कोट होता. निळा मात्र फक्त हॅलोवे नावाच्या गावाला जायचा, तोही वासरांचा चेक बँकेत भरायच्या दिवशी.

नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत ज्यांनी गुरं पाळली, त्यांच्या घरी पैसा वर्षातून एकदाच येतो. वसंतात वासरं होतात, उन्हाळाभर आईच्या मागे हिंडून गवत खातात आणि पानगळीत एका सकाळी ट्रकमध्ये चढतात. दुपारपर्यंत लिलाव आटोपतो, आणि लिलावघराच्या खिडकीतून एक चेक हातात पडतो. वर्षभराची मिळकत म्हणजे तो एक कागद. डेल्मर सेडलाचेक तो कागद शर्टाच्या खिशात घालून खिशाचं बटण लावायचा आणि घरी येईपर्यंत त्या बाजूचा हात हलवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी हॅलोवे. लिलावघराच्या गावातली बँक केव्हाच बंद झाली होती, आणि सेडलाचेकांची बँक पश्चिमेला नव्वद मैलांवर होती. डेल्मर दाढी करायचा, आर्डिस निळा कोट चढवायची. बँकेत शिरल्यावर गेलन नावाचा मॅनेजर आपली काचेची खोली सोडून बाहेर यायचा, हात मिळवायचा, पावसाची चौकशी करायचा. खिडकीवरची ट्रिश कागदी पेल्यात कॉफी आणून द्यायची. डेल्मरला बँकेच्या नावाची नवी टोपी मिळायची, आर्डिसला पुढच्या वर्षाचं कॅलेंडर. मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात खिडकीपाशी बसायचं. गरम गोमांसाचं सँडविच, वर बटाटा आणि रस्सा, आणि शेवटी आंबट सायीतली मनुकांची पाई. त्यानंतर कापडाचं दुकान. आर्डिस एकेका ताग्यावरून हात फिरवत दुकानभर हिंडायची आणि डेल्मर खांबाला बांधलेल्या घोड्यासारखा दाराशी उभा राहायचा. शेवटी ती एखाद-दुसरा वार कापड घ्यायची. त्याची उशी व्हायची, नाहीतर काहीच व्हायचं नाही, पण कापड घरी यायचं.

परतताना, रस्ता सोडून आपल्या फाटकाकडे गाडी वळली की आर्डिस दरवर्षी एकच वाक्य बोलायची.

“कागदाच्या एका तुकड्यासाठी केवढा हा रस्ता.”

त्यावर डेल्मर म्हणायचा, “हं.”

आता हे वाक्य तक्रारीचं नव्हतं हे तिथल्या माणसाला वेगळं सांगावं लागू नये. त्या टेकड्यांत चांगल्याला कोणी चांगलं म्हणत नाही. तीन महिने वाट पाहून मुसळधार पाऊस पडला तर म्हणतात, धूळ बसली. पोटाला तडस लागेपर्यंत जेवले तर म्हणतात, खाण्यासारखं होतं. डेल्मरने लग्नाची मागणी घातली तेव्हा आर्डिसने, मला चालण्यासारखं आहे, एवढंच उत्तर दिलं होतं, आणि त्याला ते पुरलं होतं. पण इतकी वर्षं त्याच भाषेत जगूनही डेल्मर त्या एका वाक्यापाशी चकला.

झालं असं की उन्हाळ्यात त्यांची मुलगी जोलीन लिंकनहून आली. तिने बापाच्या फोनमध्ये बँकेचं ॲप घालून दिलं. चेकचा दोन्ही बाजूंनी फोटो काढायचा, रक्कम लिहायची, बटण दाबायचं, झालं. डेल्मरने ते सगळं, विमा विकायला आलेल्या माणसाचं ऐकावं तसं, दाराकडे बघत ऐकून घेतलं. तो फोन त्याने तोवर तीनच कामांना वापरला होता. हवामान बघायला, जोलीनला वाढदिवसाला बोलायला आणि गाय अडली तर बॅटरी म्हणून.

मग वीज संस्थेचा एक छोटासा परताव्याचा चेक आला. जोलीन गेलेली होती. डेल्मरने चेक जेवणाच्या टेबलावर ठेवला, तर फोन म्हणाला, गडद रंगाच्या सपाट जागेवर ठेवा. टेबलावर पांढरं मेणकापड. तो घरभर गडद सपाट जागा शोधत फिरला. कुत्रा काळा होता, पण सपाट नव्हता. शेवटी त्याला स्वयंपाकघरातली लोखंडी चूल दिसली. काळी कुळकुळीत, आरशासारखी सपाट. आर्डिसने नुकताच तिच्यावरून पाव उतरवला होता हे त्याच्या ध्यानात आलं नाही. पहिला फोटो निघाला, आणि दुसऱ्यासाठी चेक उलटेपर्यंत तो कडेने तपकिरी होऊन बेकनसारखा वळायला लागला. डेल्मरने तो तिथल्या तिथे उलटला, बोट भाजून घेतलं, फोटो काढला. बँकेने तो करपलेला चेक बिनतक्रार घेतला.

त्या दिवसापासून डेल्मर पार बदलला. त्याने एका फळीला काळा रंग दिला आणि ती फक्त त्या कामाला ठेवली. ठिकठिकाणचे बारीकसारीक चेक फळीवर ठेवून तो जमा करू लागला. घरात रेंज पकडत नाही म्हणून पवनचक्कीमागच्या उंच टेकडीवर पिकअप न्यायचा. शेजाऱ्यांना फोन काढून दाखवायचा. चर्चमध्ये पाद्र्याला त्याने विचारलं, दानाच्या ताटलीतले चेक तुम्ही अजून गाडीने नेता का? अशा आवाजात, की पाद्र्याला आपण अजून होकायंत्रावर चालतो असं वाटावं.

आर्डिसला या सगळ्याची गंमत वाटत होती. वासरं विकली जाईपर्यंत.

यंदा भाव बरे लागले. म्हणजे डेल्मर म्हणाला की, आणखी वाईट लागू शकले असते. संध्याकाळी त्याने खिशाचं बटण काढून चेक टेबलावर ठेवला. दोघांच्या नावाचा होता, नेहमीसारखा. आर्डिसने सकाळीच निळा कोट खुंटीवर बाहेर काढून ठेवला होता. खिशातली डांबरगोळी काढून टाकली होती.

“यंदा हॅलोवेला जायला नको,” डेल्मर म्हणाला. “हे मी फोनवरच करून टाकतो. एकशे ऐंशी मैल वाचले.”

म्हणताना त्याचा चेहरा वाढदिवसाची भेट हातावर ठेवणाऱ्यासारखा झाला होता. आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या मुलखातल्या कुठल्याही बाईने दिलं असतं तेच उत्तर दिलं.

“बरं झालं.”

मग तिने कोट उचलला आणि परत कपाटात टांगला. डांबरगोळीही परत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टेकडीवर त्याच्यासोबत गेली, कारण चेकच्या मागे तिचीही सही लागत होती आणि फळी धरायला कोणीतरी हवं होतं. खाली त्यांच्या काळ्या गाई चरत होत्या, वासरं गेल्यामुळे अजून अधूनमधून हंबरत होत्या. डेल्मरने फोटो काढले. रक्कम लिहिली. बटण दाबलं. फोनवर लाल अक्षरं उमटली.

“काय म्हणतो?” आर्डिसने विचारलं.

“म्हणतो, रक्कम लिमिटच्या वर आहे.”

आर्डिसच्या छातीत काहीतरी उडी मारून उठलं. ती फळीकडे बघत राहिली. डेल्मरने पुन्हा केलं, पुन्हा लाल अक्षरं. त्याने टोपी मागे सारली आणि पिकअपमध्ये बसून बँकेला फोन लावला. ट्रिशनेच उचलला. आर्डिसने खिडकीतून कान आत घातला.

ट्रिशने समजावून सांगितलं, गोड आवाजात. फोनवरून दिवसाला अमुक इतकेच पैसे भरता येतात. मिस्टर सेडलाचेक नवे आहेत, म्हणून त्यांना त्यातली लहान लिमिट. फोटो आला की बँक पैसे दाखवते, पण चेक खरा आहे का, त्याच्यामागे पैसे आहेत का, हे कळायला वेळ लागतो, आणि तोवरची जोखीम बँकेची. लोक खोटे चेक पाठवतात. म्हणून लिमिट.

“मी तुमच्याकडे कधीपासून आहे, पोरी?” डेल्मरने विचारलं.

ट्रिश म्हणाली की ते तिला ठाऊक आहे, पण कॉम्प्युटरला ठाऊक नाही.

“मग त्याला सांग. माझ्या गाई वर्षातून एकदाच वितात. रोज थोडं थोडं व्या असं त्यांना सांगता येतं का?”

ट्रिश म्हणाली की प्रत्यक्ष येऊन खिडकीवर भरायला काहीच लिमिट नाही, त्यांनी खुशाल यावं. आर्डिसने हा शब्द न् शब्द ऐकला आणि नवऱ्याचा चेहरा पाहिला. तो कान देत नव्हता, हिशेब करत होता. दिवसाची लिमिट यंदाच्या भावाने कितीशी होते? तीन वासरांएवढी. “आणि शिवाय तीस दिवसांची एक वेगळी लिमिट आहे,” ट्रिश म्हणत होती, पण डेल्मरने तोवर आभार मानून फोन ठेवला होता.

तीस दिवसांचं वाक्य आर्डिसच्या कानात पूर्ण शिरलं. ती तोंड उघडणार होती. मग तिला कपाटातला कोट आठवला, आणि तिने तोंड मिटून फळी काखेत मारली.

“दिवसाला तीन वासरं,” डेल्मर म्हणाला. “चालेल की. नाताळापर्यंत सगळी आत.”

लिलावघराच्या खिडकीत मेव्हिस नावाची बाई बसायची. ती आणि डेल्मर एका शाळेत, एका बाकावर होते, त्यामुळे तिला त्याच्याबद्दल आदर असायचं काही कारण नव्हतं. त्याने मोठा चेक परत दिला आणि त्याच रकमेचे तीन-तीन वासरांचे वेगवेगळे चेक मागितले.

“तुझ्या डोक्यावर वासरू पडलं की काय?” मेव्हिसने विचारलं.

त्याने फोन दाखवून सगळं समजावलं. मेव्हिसने चष्म्याच्या वरून आर्डिसकडे पाहिलं. आर्डिस भिंतीवरच्या खनिज मिठाच्या जाहिरातीकडे बघत होती. मेव्हिसने बटण दाबलं. तिचा छापायचा यंत्रडबा कुरकुरत चेकवर चेक ओकत राहिला, मागे रांगेत उभे असलेले लोक खाकरत राहिले, आणि शेवटी डेल्मर पत्त्यांच्या जोडाएवढा गठ्ठा रबर लावून घेऊन निघाला.

ती संध्याकाळ सह्यांत गेली. प्रत्येक चेकमागे त्याची सही, तिची सही आणि खाली, फक्त फोनवरून जमा करण्यासाठी. जोलीनने तसं लिहायला सांगितलं होतं. आर्डिसने आयुष्यात इतक्या वेळा स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. अर्ध्यावर तिला ते नाव कोणा दुसऱ्याच बाईचं वाटायला लागलं. तिने मान वर करून विचारलं, हे सगळं करण्यापेक्षा... आणि थांबली.

“करण्यापेक्षा काय?” डेल्मर म्हणाला.

“दिवा जवळ घे म्हणत होते.”

पहिल्या दिवशी टेकडीवर तीन वासरं गेली. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. डेल्मरने थर्मासमधली कॉफी ओतून तिला दिली आणि सूर्य मावळेपर्यंत ते पिकअपमध्ये बसले. तो म्हणाला, वाईट नाही. वाईट नव्हतंच, हीच आर्डिसची पंचाईत होती. पण टेकडीवर कापडाचं दुकान नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फोनने नकार दिला. डेल्मरने फळी पुसली. दुसरा चेक ठेवला. चेकच्या बाजूला स्वतःची सावली पडते म्हणून गाडी वळवली. मग ट्रिशला फोन. तीस दिवसांची लिमिट संपली, ट्रिश म्हणाली. मागच्या वेळी सांगितलं होतं.

“सहा वासरं?” डेल्मर म्हणाला. “महिन्याला सहा?”

घरी जेवताना तो म्हणाला, “या हिशेबाने सगळी वासरं आत जायला दीड-दोन वर्षं लागतील. तोवर त्यांच्या पाठची विकायला येतील.”

“मग?” आर्डिसने बटाटे पुढे सरकवले. तिला वाटलं, आता म्हणतो. आता म्हणेल, चल हॅलोवेला.

“मग काय. एक तारखेपर्यंत थांबू. नव्या महिन्यात लिमिट नवी.”

आर्डिसने बटाटे स्वतःकडे परत ओढले.

दिवस काढणं तिला जड गेलं. गठ्ठा त्याने आधी कपाटात ठेवला, मग उंदरांच्या भीतीने पिठाच्या डब्यात, मग ती पावाला पीठ काढताना चेक पांढरे होतात म्हणून फ्रीझरमध्ये, वाटाण्यांच्या पिशवीखाली. आल्यागेल्याला तो विचारायचा, तुमच्या बँकेची लिमिट किती? गावातल्या पेट्रोल पंपावर त्यावर वाद झाले. कोणी म्हणालं, माझी तर दहा वासरांची आहे. डेल्मरला ते लागलं. त्याचा आजा त्या बँकेत पहिल्या वर्षीचं गिऱ्हाईक होता, आणि नातवाची पत तीन वासरांची. गेल्या वर्षीची टोपी त्याच्या डोक्यावर होती. घामाने तिची कड मिठासारखी पांढरी झाली होती, आणि बँकेच्या नावातली दोन अक्षरं गेली होती. नवी टोपी मागायला तो बँकेत जाणार नव्हता. ती चेकसोबत मिळते, मागून नाही.

आर्डिस त्याच्या टोपीकडे बघायची आणि रिकाम्या भिंतीकडे बघायची, जिथे नवं कॅलेंडर लागायचं. एकदा तिने कपाट उघडून कोटाची कॉलर झटकली. धूळ नव्हती. तरी झटकली.

एक तारखेला डेल्मरने दाढी केली. टेकडीवर त्या दिवशी वारा असा होता की पिकअपचं दार उघडायला दोघं लागली. त्याने गार पडलेला गठ्ठा बाहेर काढला, फळी गाडीच्या टपावर ठेवली, वरच्या चेकला कपड्यांचा चिमटा लावला. फोटो काढले. बटण दाबलं. लाल अक्षरं.

ट्रिशचा आवाज वाऱ्यात तुटत होता. आर्डिसने दोन्ही हात फोनभोवती धरले. तीस दिवस महिन्याचे नसतात, मिस्टर सेडलाचेक. आजपासून मागे मोजायचे. उद्या मोजले तर उद्यापासून मागे.

“म्हणजे महिना संपतच नाही?”

तसंच म्हणता येईल, ट्रिश म्हणाली.

डेल्मर सेडलाचेक शिव्या देणारा माणूस नव्हता. त्याने फक्त टोपी काढून जोरात मांडीवर आपटली. वाऱ्याने टोपी हातातून घेतली. तिला पकडायला त्याने झेप घेतली, आणि झेप घेताना गठ्ठा धरलेली मूठ सुटली.

रबर थंडीने कडक झालं होतं. ते तुटलं आणि चेक उडाले. टेकडीच्या उतारावर, काटेरी तारेवर, हौदाच्या पाण्यावर. वर्षभराची वासरं पांढऱ्या कागदांच्या रूपाने पुन्हा कुरणात उधळली. गाई डोकी वर करून बघू लागल्या. डेल्मर, खुब्यात पोलादाचा सांधा बसवलेला माणूस, उतारावरून हात पसरून धावत सुटला, आणि आर्डिस पिकअप चालवत त्याच्या मागे निघाली, खिडकीतून हात काढून झुडपांवर अडकलेले चेक बोरांसारखे तोडत. अर्धी दुपार त्यात गेली. तारेवरचे निघाले, हौदातले गाडीच्या हीटरपाशी वाळत घातले. एक सापडेना.

तो सापडला तेव्हा जवळपास संपला होता. एक म्हातारी गाय तोंड शांतपणे हलवत उभी होती आणि ओठाच्या कोपऱ्यातून आर्डिसच्या सहीचा शेवटचा भाग बाहेर डोकावत होता. डेल्मर तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिने गिळलं.

“हिचंच वासरू होतं त्यात,” तो म्हणाला. “आईने पोराचे पैसे खाल्ले.”

आर्डिसला हसू आलं. तिने ते दाबलं, तर ते नाकातून बाहेर आलं. डेल्मर गाडीत येऊन बसला. धाप लागली होती, डोक्यावर टोपी नव्हती, कपाळ अर्धं पांढरं आणि अर्धं उन्हाने लाल दिसत होतं.

“हे सगळं मी तुझ्यासाठी केलं,” तो म्हणाला.

“माझ्यासाठी?”

“दरवर्षी म्हणतेस ना. कागदाच्या एका तुकड्यासाठी केवढा हा रस्ता. गाडीत बसून तुझाही खुबा दुखतो म्हणतेस. म्हटलं, एक वर्ष तरी बाईला तो रस्ता नको.”

आर्डिसने हीटरवरचा एक चेक उलटून टाकला. अजून दमट होता.

“ते म्हणायचं असतं म्हणून म्हणते,” ती म्हणाली.

“म्हणजे खुबा दुखत नाही?”

“दुखतो. पण घरीही दुखतो.”

डेल्मरने यावर विचार केला. त्याचा विचार चालू असताना त्याच्या कानशिलाची शीर हलते, ती हलत होती.

“म्हणजे तुला जायचं असतं.”

हा प्रश्न तिला आजवर कोणी इतका उघडा करून विचारला नव्हता. तिने खिडकीची काच वर केली, ती आधीच वर होती.

“मला चालण्यासारखं आहे,” ती म्हणाली. मग, उगाच लपवून काय करायचं म्हणून, पुढे म्हणाली, “ती तीस दिवसांची लिमिट पण मी पहिल्याच दिवशी ऐकली होती.”

डेल्मरने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“आणि मला एक तारखेपर्यंत थांबू दिलंस.”

“तू टेकडीवर जायलाही दाढी करशील असं नव्हतं वाटलं.”

आर्डिसने गाडी चालू केली तेव्हा तो म्हणाला, “मलाही टोपी लागणारच आहे.”

मेव्हिसने दमट, गार, तारेने भोसकलेला गठ्ठा मोजून घेतला. खाल्लेला चेक कुठे आहे विचारलं. डेल्मरने सांगितलं. तिने तो रद्द केला, जमा झालेली सहा वासरं वजा केली आणि उरलेल्याचा एक मोठा चेक छापला.

“पुढच्या वेळी सांगून ये,” ती म्हणाली. “प्रत्येक पायाचा वेगळा लिहीन.”

दुसऱ्या दिवशी निळा कोट हॅलोवेला गेला. गेलन काचेच्या खोलीतून बाहेर आला, हात मिळवला, पावसाबद्दल विचारलं. डेल्मर म्हणाला, धूळ बसली. ट्रिशने कॉफी आणली, चेक घेतला, शिक्का मारला, आणि सगळं पुन्हा मधमाशीने फुलावर बसावं इतकं सोपं झालं. ट्रिशच्या मनाला मात्र टोचणी लागली होती. फोनवर तिला तीनदा नाही म्हणावं लागलं होतं. तिने गेलनशी आधीच बोलून ठेवलं होतं. इतक्या जुन्या गिऱ्हाईकाची लिमिट वाढवता येते. एकदम भरपूर वाढवता येते. खातं दोघांचं असल्याने दोघांनी हो म्हटलं की पुढच्या वर्षी तुम्हाला इथवर यावंच लागणार नाही, मिस्टर सेडलाचेक.

डेल्मरचे डोळे चमकले. पत ती पत. त्याची छाती थोडी पुढे आली, त्याने नवी टोपी नीट बसवली, आणि हो म्हणायला तोंड उघडलं. मग काहीतरी आठवल्यासारखं त्याने ते मिटलं आणि बायकोकडे पाहिलं.

आर्डिस कॉफी संपवत होती. तिने पेला खिडकीच्या कठड्यावर ठेवला, कॅलेंडर गुंडाळून काखेत घेतलं.

“कशाला उगाच, पोरी,” ती म्हणाली. “तीन वासरं पुरेत.”

“तीन पुरेत,” डेल्मर म्हणाला.

ट्रिश दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. गेलन, जो त्याच टेकड्यांत जन्मला होता, परत आपल्या खोलीत गेला.

हॉटेलात सँडविच खाण्यासारखं होतं. पाई संपत आली होती, शेवटचा तुकडा त्यांनी वाटून घेतला. कापडाच्या दुकानात आर्डिस नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळली आणि डेल्मर दाराशी उभा राहिला, पण एकदा आत येऊन एका हिरव्या ताग्याला त्याने बोट लावलं आणि हात झटकन मागे घेतला. तिने त्यातलंच कापड घेतलं.

फाटकाकडे गाडी वळली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि काळ्या गाई तारेपाशी येऊन उभ्या होत्या. त्यांतली एक, म्हातारी, अजूनही काहीतरी चघळत होती.

“कागदाच्या एका तुकड्यासाठी केवढा हा रस्ता,” आर्डिस म्हणाली.

डेल्मरने गाडी फाटकातून आत घातली, उतरला, फाटक लावलं, साखळी अडकवली आणि परत येऊन बसला.

“पुढच्या वर्षी पण एवढाच असेल,” तो म्हणाला.